दिवेवालीची चार पानं

ती चार पानं मी कापली. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आणि ऑफिसातली स्टीलची पट्टी घेऊन, भर दुपारी, घरात कोणी नसताना. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी बरीच कारणं सांगणार आहे, आणि कारणं सांगायला लागलं की मूळ गोष्ट मागे पडते, हे मी स्वतःवरूनच शिकलो आहे.

पुस्तक इंग्रजी होतं. लहान मुलांसाठी लिहिलेल्या पाच पुस्तकांच्या मालिकेतलं तिसरं. आमच्या ऑफिसातले एक अधिकारी बदली होऊन गेले, तेव्हा त्यांच्या मुलांची जुनी पुस्तकं एका खोक्यात घालून माझ्या टेबलाखाली ठेवून गेले. मी ते खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. गोष्ट अशी होती: दोन बहिणी एका पडक्या विहिरीच्या पायऱ्या उतरतात आणि खालच्या राज्यात पोचतात. वर यायची वाट मग पाच पुस्तकं संपेपर्यंत शोधत राहतात.

आमच्या घरातही तेव्हा दोन मुली होत्या. माझी मुलगी नऊ वर्षांची, आणि माझ्या धाकट्या भावाची मुलगी सात वर्षांची. भाऊ ओरत्तनाडूला सरकारी नोकरीत होता. त्याची बायको आदल्या वर्षी तापाने गेली. एकट्या पुरुषाला मूल सांभाळणं जमेना, म्हणून पुतणी आमच्याकडे तंजावूरला राहायला आली.

आम्ही इथले मराठी. पिढ्यानुपिढ्या तमिळ मुलखात राहून आमची मराठी अशी झाली आहे की पुण्याचा माणूस ती ऐकून आधी हसतो आणि मग विचारतो, ही कुठली भाषा? (इथे आमचं बोलणं लिहिताना मी ते थोडं सोपं करून लिहितो आहे.) ही भाषा तोंडात असते, कागदावर नसते. आमच्या घरात देवनागरी वाचता येणारा मी एकटा. मला वडिलांनी शिकवली होती. बायको तमिळ वाचायची, मुली शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकत होत्या. मराठीचं एक अक्षरही त्यांना ओळखता येत नव्हतं. हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा प्रकार त्यावरच उभा आहे.

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आम्ही तिघं झोपाळ्यावर बसायचो. मी इंग्रजी ओळ मनात वाचायचो आणि आमच्या मराठीत मोठ्याने सांगायचो. लांडग्याला काय म्हणायचं ते मुलींना कळेना, म्हणून लांडगा आमच्याकडे तमिळ 'ओनाय' झाला. त्या राज्यात बर्फ पडायचा. मी सांगायचो, बर्फाच्या गोळ्याची गाडी उलटली आणि ती गावभर उलटतच राहिली असं समजा.

दुसऱ्या पुस्तकातला पुलावरचा बोकड आमचा फार लाडका. तो कोणालाही पूल ओलांडू देत नाही. ज्याच्याकडे असा प्रश्न असेल जो त्याला आजवर कोणी विचारला नाही, त्यालाच सोडतो. माझा बोकड तंजावूरच्या टाऊन बसच्या कंडक्टरसारखा बोलायचा. "आत सरका, आत सरका, प्रश्न हातात काढून ठेवा!" त्या वेळी पुतणी झोपाळ्यावरून खाली पडेपर्यंत हसायची. शेवटी मोठी बहीण त्याला विचारते, "तुला पलीकडे जायचं असेल तर तू कोणाला विचारतोस?" बोकड गप्प होतो आणि बाजूला सरतो. हा प्रसंग मी पंचवीस वेळा तरी सांगितला असेल.

तसाच सावल्यांचा बाजार. फाटलेली सावली शिवून देणारा एक शिंपी असतो तिथे. रफू केलेली सावली थोडी आखूड पडते, म्हणून लोक उन्हात जपून उभे राहतात. आमची पुतणी जुन्या कॅलेंडरातली माणसं कात्रीने कापून भिंतीवर त्यांच्या सावल्या पाडायची. कागदाचे कपटे घरभर. बायको झाडू घेऊन तिच्या मागे. "अय्यो, ही मुलगी आहे की उंदीर?" हे ती रागाने म्हणत नसे. पण वाक्य घरात राहिलं.

आणि दिवेवाली. ही तिघांचीही सगळ्यांत आवडती. टेकडीवर एकटी राहणारी म्हातारी. रोज संध्याकाळी ती एक मोठा दिवा लावते, म्हणजे त्या दोघी कुठेही वाट चुकल्या तरी त्यांना दिशा कळावी. ती फारशी बोलत नाही. दाराकडे तोंड करून खुर्ची ठेवते आणि बसून राहते. दर पुस्तकात दोघी तिच्याकडे एकदा पोचतात, ती त्यांना गरम काहीतरी प्यायला देते आणि म्हणते, "उशीर झाला." एवढंच. पुस्तकात ते पेय सूप होतं, आमच्याकडे मिरीचं रसम.

मोठी बहीण म्हणजे माझी मुलगी आणि धाकटी म्हणजे पुतणी, असं मुलींनी वाटून घेतलं होतं. दिवेवाली कोण, हे पुतणीने कोणाला सांगितलं नाही. पण दिवेवालीचा प्रसंग आला की ती माझ्या दंडाला धरून बसायची. त्यामुळे मला कळायचं.

मी रोज पुढचा भाग आधी एकटा वाचून ठेवत असे. तिसऱ्या पुस्तकात एकशे एक्केचाळीस पानावर आलो. टेकडीवरचा दिवा त्या संध्याकाळी लागलेला नाही. मोठी बहीण वर जाते. म्हातारी खुर्चीत असते, पण थंड झालेली. चित्रही होतं, पानभर. खुर्ची, पांघरूण आणि विझलेला दिवा.

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं, डोळे ओळींवर फिरवले आणि सांगितलं की दिवेवाली नदीपलीकडे बहिणीकडे गेली आहे. जाताना दिवा लावायला विसरली. येईल.

"कधी?" पुतणीने विचारलं.

"येईल थोड्या दिवसांनी."

आमची मोठी मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. "अप्पा, एवढं बोललात पण पान उलटलं नाहीत," ती म्हणाली.

खोटं सांगणं सोपं होतं, ते सांभाळणं जड गेलं. मुलांना गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्याच शब्दांत हवी असते. मी दिवेवालीला परत आणली, आणि मग पुढच्या पुस्तकांमध्येही तिला कुठे ना कुठे बसवावं लागलं. नावेत एका कोपऱ्यात, तुरुंगाच्या बाहेर, राजाच्या दरबारात खांबापाशी. "काल ती टेकडीवर होती, आज नावेत कशी?" मोठी विचारायची, अगदी वकिलासारखी. म्हणून मी एक वही केली. माझ्या मनाने घातलेला प्रत्येक प्रसंग तिच्यात देवनागरीत लिहून ठेवला. वही लपवायची गरजच नव्हती. ती देवाच्या कपाटात पंचांगाशेजारी असायची. बायकोला वाटलं स्तोत्रं आहेत. दर वर्षी सरस्वतीपूजेला घरातल्या सगळ्या पुस्तकांची रास व्हायची, त्यात तीही जायची, आणि बायको तिच्या पुठ्ठ्यावर हळदकुंकवाचं बोट लावायची. माझ्या खोटेपणाची आमच्या घरात पूजा होत होती, आणि मी शेजारी बसून हात जोडत होतो.

मग मोठी शब्द लावत लावत इंग्रजी वाचायला लागली. पुस्तक चाळून चित्रं बघू लागली. ते चित्र तिच्या हाती लागलं की ती ते आधी धाकटीला दाखवणार, हे मला दिसत होतं. एका दुपारी बायको दोघींना घेऊन पापनाशमला एका लग्नाला गेली होती. तेव्हा मी पानं कापली. एकशे चाळीसनंतर एकदम एकशे एकोणपन्नास. ब्लेड निसटलं आणि अंगठा कापला. संध्याकाळी बांधलेला अंगठा बघून धाकटीने विचारलं, तेव्हा दाढीचं ब्लेड लागलं म्हणालो. पानं वहीच्या ब्राऊन पेपरच्या कव्हरात सरकवली.

महिन्याभरात मोठीने आकडे पाहिले. आरडाओरडा करत स्वयंपाकघरात गेली. "अम्मा, पुस्तकाची पानं कोणीतरी कापली!"

घरात माणसं चार. त्यातली एक कात्री घेऊन फिरणारी. कोणी आरोप केलाच नाही. सगळ्यांनी फक्त तिच्याकडे पाहिलं.

"मी नाही," पुतणी म्हणाली.

"मग कोणी, मांजराने?" बायको म्हणाली.

बायकोबद्दल सांगायला हवं. ती दुष्ट नव्हती. दुसऱ्याचं मूल वाढवताना ते बिघडलं तर बोल आपल्यालाच, ही भीती तिच्या मनात कायम होती. आणि खोटं बोलण्याचा तिला मनापासून तिटकारा होता. तिने तीन दिवस पुतणीला खेळायला सोडलं नाही. मारलं नाही, जेवण बंद केलं नाही. शाळेतून आली की झोपाळ्यापाशी बसवायची आणि विचारायची, "कापलीस ना? एकदा हो म्हण, मग जा." पुतणीची उशी उचलून बघितली, दप्तर उलटं केलं, कॅलेंडराचे कपटे एकेक करून उजेडात धरले. माझी मुलगीही आईच्या मागे मागे शोधत होती. त्या तीन दिवसांत आमच्या घरात कोणी कोणाकडे पाठ करून बसलं नाही, सगळ्यांची नजर सगळ्यांवर.

मी तिथेच होतो. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की आता खरं बोललो तर दिवेवाली मेल्याचं धाकटीला कळेल, ज्यासाठी एवढं केलं तेच वाया जाईल. दुसऱ्या दिवशी मला बायकोची भीती वाटली. दोन दिवस का गप्प बसलात, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी काफी पीत असताना पुतणी म्हणाली, "होय काकू. मीच कापली."

"कुठे टाकलीस?"

"गटारात."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला हात जड होतो, पण तसं वाटलं होतं. काफी गार झाली होती, ती मी संपवली.

पुस्तकं कुलपात गेली, वाचन थांबलं. भावाला कळलं आणि त्याने शाळेचं वर्ष संपल्यावर पोरीला ओरत्तनाडूला नेलं. तो तिला नाहीतरी नेणारच होता, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. खरं काय ते आता विचारायला तो नाही.

पुढे या गोष्टीची आमच्या नात्यात थट्टा झाली. लग्नकार्यात ती दिसली की कोणीतरी म्हणायचं, "पुस्तकं आत ठेवा रे, उंदीर आला." तिच्या स्वतःच्या लग्नात माझ्या मुलीने तिला आहेरात कात्री दिली. चांदीची, छोटी. सगळे हसले. ती सगळ्यांत मोठ्याने हसली. मीही हसलो.

गेल्या महिन्यात बायकोचं वर्षश्राद्ध झालं. माझी मुलगी परदेशात असते, तिला जमलं नाही. पुतणी मात्र चेन्नईहून आली. ती तिथे बँकेत आहे. बरोबर तिची दहा वर्षांची मुलगी होती. ही माझी नात रेल्वेतून उतरली ती हातात पुस्तक घेऊनच. नवी आवृत्ती, चकचकीत कव्हर, पण मी लांबूनच ओळखलं. तिसरं पुस्तक.

"हीच ती मालिका, काका," पुतणी म्हणाली. "ओळखलीत?"

साधा प्रश्न. पण मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तिला कळलंय का? आत्ताच हे पुस्तक का आणलं? बायकोच्या वर्षश्राद्धालाच का?

त्यानंतरचे दोन दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली म्हटलं तरी चालेल. ती कपाटासमोर उभी राहिली की मी मागून जायचो. "काका, ती जुनी पुस्तकं आहेत अजून?" तिने विचारलं. मी म्हणालो, शोधावी लागतील. ती समोरच्याच फळीवर होती. सकाळी आरशापाशी माझा दाढीचा डबा बघून म्हणाली, "तुम्ही अजून तीच जुनी ब्लेडं वापरता?" मी दचकलो. दाढी अर्धी ठेवून बाहेर आलो. तिच्या प्रत्येक वाक्याखाली मला दुसरं वाक्य दिसत होतं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. नात आईशी भांडत होती.

"अम्मा, तू खोटं सांगितलंस. ही दिवेवाली मरते."

"मरत नाही ग. बहिणीकडे जाते आणि परत येते. नंतर नावेत असते, दरबारात असते."

"कुठल्या नावेत? मी पाचही वाचली. कुठेच नाहीये ती."

"मग तुझ्या पुस्तकात गाळलं असेल."

"तुझ्या पुस्तकात गाळलं असेल!"

पुतणी हसली. "ते खरं. माझ्या पुस्तकातली पानं मीच कापली होती. हो ना काका?"

हा सापळा आहे, असं मला वाटलं. मी म्हणालो, "तुला आठवतं ते?"

"आठवतं तर." ती हातातल्या काफीकडे बघत होती. "ब्लेड बोटांत धरलेलं आठवतं. अंगठ्याला लागलं होतं, रक्त आलं होतं, ते फ्रॉकला पुसलं. सगळं दिसतं मला. फक्त का कापली ते आठवत नाही. कितीदा विचार केला. ऑफिसात अजून एखादा कागद सापडला नाही की सगळे शोधत असतात, आणि मी आधी माझंच ड्रॉवर बघते. वाटतं, मीच कुठे टाकला असेल आणि विसरले असेन. मी तशी आहे ना."

तो सापळा नव्हता. ती माझ्यावर संशय घेत नव्हतीच. आयुष्यभर ती स्वतःवर घेत आली होती, आणि त्या संशयाला माझा अंगठा जोडला होता.

मी सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच, पण इतकं नीट नाही. बोलताना दोनदा थांबलो. नात पुस्तक मिटून ऐकत होती.

पुतणीने ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काका, काकू गेल्यापासून तुम्ही एकटे आहात. मनात काहीबाही येत असेल. मला बरं वाटावं म्हणून हे कशाला?"

"नाही ग. खरंच मी कापली."

"मी स्वतः कबूल केलं होतं. केलं होतं की नाही?"

मी आत जाऊन वही आणली. कव्हर सोडवून चार पानं तिच्यासमोर ठेवली. पिवळी, कडा तुटलेल्या. तिने ती हातात घेतली, चित्र पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"म्हणजे गटारात टाकली नव्हती मी. इथे लपवली होती. तुम्हाला सापडली कधी?"

पुरावा हातात देऊनही तो तिच्याच विरुद्ध जात होता. मी वही उघडली आणि त्या दुपारचं टिपण वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीलाच तिने थांबवलं.

"काका, तुम्ही वाचताय की रचताय?"

ती चेष्टा करत नव्हती. हातात पुस्तक धरून दुसरंच बोलणारा माणूस तिने लहानपणी रोज ऐकला होता, आणि हे तिला मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. वहीतलं अक्षर तिला वाचता येत नव्हतं. आमच्या घरात ते मला सोडून कोणालाच येत नव्हतं. ज्या भरवशावर मी वही उघड्यावर ठेवली, तोच आता माझ्या आड आला.

"दाखवा," नात म्हणाली. "हे हिंदी आहे. मला शाळेत आहे."

"हिंदी नाही, मराठी आहे," मी म्हणालो.

"अक्षरं तीच आहेत ना आजोबा? मग सरका."

तिने वही मांडीवर घेतली. कुंकवाचे सुकलेले डाग बोटाने पुसून पाहिले. मग सुरू केलं, एकेक अक्षर जोडत, हिंदीच्या उच्चारात. आधी नावेतला प्रसंग लागला. "दि-वे-वा-ली को-प-ऱ्या-त बस-ली हो-ती. ति-च्या मां-डी-व-र..."

"...मांडीवर बदकाचं पिल्लू झोपलं होतं," पुतणी म्हणाली.

नातीने चमकून वर पाहिलं. "बरोबर. तुला कसं माहीत?"

"पुढे वाच."

"नाव ह-ल-ली की ती..."

"ती म्हणायची, हळू, पाहुणा झोपलाय."

मी ते शब्द विसरलो होतो. ती विसरली नव्हती. नातीने पानं पुढे उलटली आणि जिथे मी बोट ठेवलं तिथे वाचायला लागली. इथे पुतणी मध्ये बोलू शकली नाही, कारण हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"आज पाने का-प-ली. एक-शे एक्के... चित्र-ही गे-ले. मोठी वा-चा-य-ला ला-ग-ली आहे. धा-क-टी-ला क-ळ-ता का-मा न-ये. ति-ची आई..." नात थांबली. "आजोबा, हा शब्द पुसट आहे." मग पुढे गेली. "ब-रे-च र-क्त आ-ले. अं-ग-ठा का-प-ला."

नातीने माझा डावा हात ओढून घेतला आणि अंगठा उन्हात धरला. पांढरी रेघ अजून आहे. पुतणीने तिकडे पाहिलं. मग स्वतःचा अंगठा पाहिला, पुढून, मागून. मग दुसऱ्या हाताचा. बराच वेळ ती दोन्ही हात उलटसुलट करत बसली, जणू ते कोणीतरी आत्ताच तिच्याकडे आणून दिले होते.

"लिहायला जमलं तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. "एवढं सुंदर अक्षर काढून लिहायला जमलं. तोंडाने सांगायला नाही जमलं?"

"नाही."

"काकूला तरी सांगितलंत का? नंतर कधी?"

"नाही."

"म्हणजे ती गेली तेव्हाही मी तिच्या लेखी चोरच."

बायकोला खोटारड्यांचा तिटकारा होता आणि ती माझ्याबरोबर चाळीस वर्षं राहिली. आदल्याच दिवशी तिच्या नावाने मी पिंड ठेवले होते.

पुतणी उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बँकेतला होता. "मला एकटीला सांगून भागणार नाही काका. थट्टा सगळ्यांनी केली. सगळ्यांना कळलं पाहिजे. ताईला पण. लिहा. आणि तिला वाचता येणार नाही असं लिहू नका." मी दोन्ही करतो आहे. हे इथे मराठीत लिहिलं आहे, नातलगांना ते मी वाचून दाखवणार आहे, आणि मुलीला इंग्रजीत वेगळं पत्र घातलं आहे.

मला वाटलं बोलणं संपलं. पण ती झोपाळ्यावर जाऊन बसली आणि ती चार पानं माझ्यापुढे धरली.

"आता हे वाचा. आपल्या मराठीत. जसं आहे तसं."

"आता? कशाला ग?"

"माझ्यासाठी राखून ठेवलं होतं ना? मग वाचा."

मी चष्मा पुसला. झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. नात आपलं नवं पुस्तक उघडून आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. तिने ते पान काढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू काय करतेस?" मी विचारलं.

"मी इथे बघत राहते. तुम्ही काही बदललंत तर मला कळेल."

मी वाचायला लागलो. संध्याकाळ झाली तरी टेकडीवर दिवा लागला नव्हता. मोठी बहीण चढ चढून वर गेली. दार उघडंच होतं. खुर्ची दाराकडे तोंड करून होती आणि म्हातारी खुर्चीत होती. मोठीने तिचा हात धरला तर तो दगडासारखा गार. धाकटी उंबऱ्यातूनच विचारत होती, ती झोपली आहे का? मोठीने काड्याची पेटी शोधली. पहिली काडी विझली. दुसरी मोडली.

नातीचं बोट थांबलं.

"आजोबा, एक ओळ सोडलीत."

मी मुद्दाम सोडली नव्हती. निदान मला तसं वाटत नाही. पण माझ्या सांगण्यावर आता कोण विश्वास ठेवणार! मी मागे गेलो आणि ती ओळ वाचली. धाकटीने विचारलं, ती झोपली आहे का? मोठी म्हणाली, नाही, ती गेली. आता ती परत येणार नाही.

पुतणीने माझ्या दंडाला धरलं नाही. ती झोपाळ्याची साखळी धरून सरळ समोर बघत बसली होती.

"पुढे," ती म्हणाली.